दळणाचा तास

मास्तर मेला असेल आता. जगला असेल तर शंभरीच्या घरात असेल, आणि तसली माणसं शंभर वर्षं जगत नाहीत. जेवायची शुद्ध ज्याला नसते तो कसला जगतोय?

मी त्याच्या शाळेत चपराशी होतो. माझं स्वतःचं शिक्षण दुसरीपर्यंत. त्याच्या पुढचं जे काही आलं ते झाडू मारता मारता कानावर पडलं, त्यामुळे ह्या लिहिण्यात कुठं वेडंवाकडं आलं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. न सांभाळलं तरी माझं काही अडत नाही.

गाव आमचं चौसाळ्याच्या अलीकडचं. राज्य निजामाचं. शाळा म्हणजे पाटलाची कडबा भरायची एक लांबट खोली, तिला पुढून दार लावलेलं. सरकारी कागदात तिचं नाव मदरसा. दारावर उर्दूतली पाटी होती आणि ती गावात एकट्या मास्तरला वाचता यायची. बाकीचे आम्ही तिच्याकडं बघून नुसता नमस्कार करायचो, न जाणो देवाचं काही लिहिलेलं असेल.

मास्तर आला तो आंबेजोगाईकडून, एका बैलगाडीत, एका ट्रंकेसकट. अंगात शेरवानी, तिला एक बटण शिल्लक, बाकी ठिकाणी सुतळी. डोक्यावर रुमी टोपी, तिचा गोंडा शेळीनं खाल्लेला. खाली धोतर. आमच्या गावचा वाणी आप्पा त्याला बघून म्हणाला, "वरनं हैद्राबाद, खालनं बीड." ते नाव गावभर झालं. मास्तरलाही कळलं. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन आप्पाला म्हणतो, "आप्पा, मधल्या सुतळीला कुठलं गाव म्हनायचं?" असला माणूस. चिडवावं तर चिडतही नाही. चिडवणाऱ्याची मजाच घालवायची.

मला तो 'जमादार' म्हणायचा. मी कसला जमादार! पाणी भरायचं, घंटा मारायची, झाडायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं टिंगल करतोय. मी सरळ सांगितलं, "मास्तर, मी चपराशी हाय." तर म्हणाला, "त्ये सरकारला ठाऊक हाय की. मला कशाला सांगता?"

मारायचा नाही. छडी ठेवायचा नाही. आधीचा मास्तर निरगुडीचे फोक पाण्यात भिजवून ठेवायचा, आणि पोरं शिकत होती. ह्याच्या वर्गात एखादं पोर रडायला लागलं तर हा त्याला गप्पसुद्धा म्हणायचा नाही. "रड की," म्हणायचा, "तास तुझाच हाय." आणि सातचा पाढा पुढं चालू. एक पोर हुंदके देतंय आणि बाकीची 'सात सक बेचाळीस' म्हणतायत. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, हे कसलं भजन चाललंय!

आता हे सगळं कशापायी होतं ते सांगायला पाहिजे. मास्तर आला त्याच्या आधल्याच साली मानमोडीच्या तापाची साथ आली होती. ताप यायचा, मान मोडल्यासारखी दुखायची, आणि तीनचार दिवसांत माणूस जायचा. गावात असं घर नव्हतं जिथं कुणी गेलं नव्हतं. आमच्याही घरातली गोदी गेली. माझी लेक. पाच वर्षांची होती.

साथ सरली आणि शाळा पुन्हा भरली तेव्हा पोरं विचित्र झाली होती. एक बसल्या जागी मुतायचं. एक माती खायचं. दोघं सख्खे मित्र असून रोज एकमेकांचं डोकं फोडायचे. आणि माझा किस्ना, गोदीहून चार वर्षांनी मोठा, तो बोलायचाच थांबला. हो नाही, भूक लागली, पोट दुखतंय, काहीच नाही. हाक मारली तर बघायचा. वैदू झाला, देवऋषी झाला. कारण मला ठाऊक नाही, असं मी सगळ्यांना सांगत होतो.

मास्तर म्हणायचा, "अंगातला ताप गेला जमादार, डोक्यातला ऱ्हायलाय."

डोक्यातल्या तापाला मला एकच औषध ठाऊक होतं आणि ते पाच बोटांचं होतं. तसं मी त्याला म्हणालोही. तर माझ्या हाताकडं बघत बसला, जणू कधी हात बघितला नव्हता.

मग त्याचे एकेक चाळे सुरू झाले. पहिला चाळा खड्यांचा. पोरांनी येताना ओढ्यातून एक खडा उचलून आणायचा. आज जीव जेवढा जड वाटतो तेवढा मोठा खडा. कुणी वाटाण्याएवढा आणायचं, कुणी मुठीएवढा. तो आपल्या गुडघ्यापाशी ठेवायचा. का जड वाटतो हे कुणी विचारायचं नाही. संध्याकाळी जाताना वाटलं तर फेकायचा, वाटलं तर घरी न्यायचा. फेकणारे दारातच फेकायचे आणि झाडायचे मी.

"मास्तर," मी म्हणालो, "ह्या धोंड्यांनी काय व्हनार हाय?"

"काय न्हाई व्हनार."

"मंग कावून?"

"गुडघ्यापाशी आसला म्हंजी दिसतो तरी."

आता ह्याला उत्तर म्हणायचं का? एके दिवशी वाण्याच्या धाकट्या पोरानं दोन्ही हातांनी पोटाशी धरून एवढा मोठा धोंडा आणला की दारातून आत येताना त्याचा श्वास कोंडला. त्याची आई त्या साथीतच गेलेली आणि आदल्या दिवशी बापानं दुसरी आणलेली. पोरं हसायला लागली. मास्तर स्वतःच्या बैठकीवरून उठला, तिथं त्या धोंड्याला जागा केली, आणि स्वतः दिवसभर जमिनीवर बसला. धोंडा सतरंजीवर आणि मास्तर मातीत! मी घरी जाऊन कौसाला सांगितलं आणि पोट धरून हसलो. कौसा म्हणजे माझी बायको. ती हसली नाही.

मास्तर स्वतःही रोज खडा आणायचा. बऱ्यापैकी मोठा. त्याचं कोण मेलं होतं, बायको, लेकरं, का आणखी कोण, ते मला ठाऊक नाही. दीड वर्ष त्याच्याबरोबर काढलं, पण कधी विचारलं नाही. मला काय करायचंय, असा माझा हिशेब.

राहायला तो आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या खोलीत होता. कौसा पहाटे दळायला बसायची, ते त्याला ऐकू जायचं. एकदा सकाळी मी दात घासत अंगणात होतो, तर हा दारात येऊन उभा.

"अक्का, तुमी दळताना कुनाशी बोलता?"

कौसा लाजली. "कुनाशी न्हाई गुर्जी. जात्याशी."

"आन् जातं काय म्हनतं?"

"जातं काय म्हनल? त्ये आपलं घरघर फिरतं. म्हनून तर त्याला सांगायचं."

हे ऐकून मास्तर खाली बसला. खरंच बसला, अंगणात, शेणसड्यावर. मग म्हणाला, "पोरांनी कुनाला सांगायचं मंग?"

"पोरांचं काय, ती पोरं हायत. आन् दळनं बाईमानसाचं."

"दळनं बाईमानसाचं आसल अक्का. सांगनं बी बाईमानसाचंच हाय का?"

मी चूळ टाकली आणि म्हणालो, "मास्तर, कपडे बदला, शेरवानीला शेण लागलंय."

माझ्या आईचं एक लहान जातं परसात पालथं पडलं होतं. दुसऱ्या दिवशी ते शाळेत. कुणाच्या डोक्यावरून गेलं, हे सांगायला नको. पाटलाच्या माडीवरून माणसं बघतायत, आणि मी माझ्याच आईचं जातं डोक्यावर घेऊन मदरशात चाललोय. कुणी म्हणालं, "का बे, बायकूनं माहेरी धाडलं का काय?"

कौसानं येऊन पोरांना शिकवलं. खुंटा कसा धरायचा, मूठभर जवारी कशी सोडायची, जोर खांद्यातून कसा लावायचा. आणि एक ओळ म्हणून दाखवली. पोरं आधी खिदळली, मग गप्प झाली, कारण ती ओळ गोदीची होती. मी पाण्याचा रांजण भरायला निघून गेलो.

तर असा तो तास सुरू झाला. दुपारचा शेवटचा. रोज दोघातिघांची पाळी. एका वेळी एकच पोर आत, दार लोटलेलं. बाकीची लिंबाखाली मातीची चित्रं करत नाहीतर झोपा काढत. आतल्या पोरानं दळायचं आणि जे मनात येईल त्याची ओवी करायची. जुळली तर जुळली. नाही जुळली तर नुसतं दळायचं.

आणि मास्तर? मास्तर उंबऱ्यावर, दाराकडं पाठ करून, दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून.

हो, बोळे. मी डोळ्यांनी बघितलेत. गावात साऱ्या शेतांत कापूस, बोळ्यांना काय तोटा? सरकार ह्या माणसाला पोरं काय म्हणतात ते ऐकायला ठेवतं आणि हा कान बंद करून बसतो. मी त्याच्या दंडाला हलवून विचारलं, "ऐकायचं न्हाई तर म्हनायला लावता कशाला?"

त्यानं एक बोळा काढला. "काय म्हनला?"

मी पुन्हा म्हणालो.

"मी ऐकलं तर ती माझ्यासाठी म्हनतील," म्हणाला आणि बोळा परत घातला.

मी मात्र मागच्या झरोक्यापाशी कधी कधी थांबायचो. खोटं कशाला बोलू? पण जात्याची घरघर एवढी की काही कळायचं नाही. कधी रडणं, कधी हसणं, कधी शिव्या. माती खाणारं पोर तर आत गेल्यावर नुसतं ओरडायचं, घसा फोडून, आणि बाहेर येऊन घटाघटा पाणी प्यायचं. किस्नाच्या पाळीला मी झरोक्याला कान लावून असायचो. जातं फिरायचं, बाकी काही नाही. मुकं पोर काय म्हणणार? मला वाटायचं, त्याची उगाच दमछाक.

गावानं ह्याचं जे करायचं ते केलंच. पोरं रस्त्यानं निघाली की पारावरून हाका, "काय गं सूनबाई, झालं का दळन?" "सासू नीट वागती का?" पोरं चिडायची, दगड मारायची. पण आश्चर्य म्हणजे तासाला कुणी दांडी मारली नाही. उलट पाळीवरून भांडायची. माती खाणारं माती खायचं थांबलं हेही खरं, पण मोठी होतात तशी पोरं आपोआप थांबतातच, असं मी म्हणायचो.

दळलेल्या पिठाचं काय व्हायचं, हा पुढं मोठा प्रश्न झाला म्हणून आत्ताच सांगतो. घरनं आणलेली मूठमूठ जवारी, पोरांच्या हाताचं दळण, निम्मं पीठ, निम्मी कणी. कोण खाणार? मास्तर म्हणाला, "जमादार, घेऊन जा." मी माझ्या म्हशीला घालत होतो. म्हैस त्या साली चांगली दुधावर होती. हे मास्तरला ठाऊक, मला ठाऊक, आणि म्हशीला.

बिनसलं ते पाटलाच्या पोरावरून. पाटलाकडं मोठे पाहुणे आले होते, पोरीचं लग्न जमवायला. सोप्यात बैठक भरलेली. पाटलाचं धाकटं पोरगं, नऊदहा वर्षांचं, आत गेलं, आईला जात्यावरून उठवलं आणि स्वतः बसलं दळायला. दळतंय ते दळतंय, वर गातंय. काय गातंय? तर बापानं कुळाला चाबकानं कसा मारला आणि ते बघून आपल्याला रात्री झोप कशी येत नाही. पाहुण्यांना सगळं सोप्यात ऐकू गेलं. लग्न मोडलं नाही, पण पाटील तोंडावर पडला.

दुसऱ्या दिवशी पाटलानं मला बोलावलं.

"का बे, ह्यो मास्तर पोरास्नी बायका करतोय आन् तू बघत बसलाय?"

"मी काय करू मालक? मी सांगून थकलो."

"घरात सहा गडी हायत माझ्या. आन् पोरगं दळाया बसलंय! पीठ कुठं जातं रं ते?"

मी जमिनीकडं बघितलं. म्हशीचं बोलायचं कसं?

"मास्तरच खात आसल," पाटीलच म्हणाला. "फुकटचं दळून घेतोय पोरांकडनं. धाडतो कागद बीडला."

मी मान हलवली. हो म्हणालो नाही, नुसती मान हलवली. माणसाची मान हलवायला काही लागत नाही.

पंधरवड्यानं मोहतमीम साहेब आले, म्हणजे शाळा तपासणारा जिल्ह्याचा बडा अंमलदार. घोड्यावरून, बरोबर एक कारकून. पाटील पुढं, गावातली दहावीस माणसं मागं. साहेबानं पाढे विचारले, पोरांनी सांगितले. उर्दूची अक्षरं विचारली, पोरांनी फळ्यावर काढली. साहेब खूश होता, खरं तर. मग त्याची नजर कोपऱ्यात गेली.

"ये चक्की मदरसे में किस वास्ते?"

मास्तरनं उर्दूत बरंच काही सांगितलं. मला कळलं नाही, पण 'दिल' हा शब्द दोनचारदा आला. पाटील खोकला. साहेब म्हणाला, ठीक आहे, दाखवा एका पोराकडून.

मास्तर हात जोडून म्हणाला, "साहब, ये दिखाने की चीज नहीं." आणि आम्हाला समजावं म्हणून मराठीतही म्हणाला, "ह्ये दाखवायचं न्हाई. पोराला लाज आसती."

साहेबाचं तोंड उतरलं. जे दाखवता येत नाही त्याला सरकार काय समजतं, ते मास्तरला कळायला पाहिजे होतं. पाटील हसला. आणि तेव्हा मी पुढं झालो.

मी किस्नाच्या दंडाला धरून त्याला जात्यापाशी बसवला. मला वाटलं, मुकं पोर आहे, खुंटा धरून नुसतं फिरवत बसेल, काही निघायचं नाही, आणि सगळ्यांना एकदाचं दिसेल की ह्यात काही राम नाही. मास्तर माझ्याकडं असं बघत होता, जसं मी विहिरीत काही टाकतोय. "जमादार, नगा," एवढंच म्हणाला. मी म्हणालो, "माझं पोरगं हाय. मला काय सांगता?"

किस्नानं एकदा माझ्याकडं बघितलं. मग मूठभर जवारी सोडली आणि खुंटा फिरवला. दोनतीन फेरे नुसतेच गेले. आणि मग त्याचा आवाज आला. दोन वर्षांनी. बारीक, घोगरा, पण सूर लावून म्हणणारा. त्या खोलीत तो काही पहिल्यांदा म्हणत नव्हता, हे मला तिथंच कळलं. एवढे दिवस झरोक्याला कान लावून मी जे जात्याची घरघर म्हणून ऐकत होतो त्याच्या खाली हा होता.

तापली माझी गोदी, मागं घोटभर पानी
बापानं नगं म्हनलं, म्या दिलं चोरावानी

त्यानं आणखी जवारी सोडली.

पानी पिऊन हासली, गोदी निजली निवांत
बाप म्हनी तूच मारली, म्या ठिवलं मनांत

आता हे लिहायलाच पाहिजे. त्या काळी तापात पाणी द्यायचं नाही, अशी सगळ्यांची समजूत होती. पाणी दिलं की ताप आत शिरतो. वैदूनं सांगितलं होतं, माझ्या आईनं सांगितलं होतं. गोदी तीन दिवस पाणी पाणी करत होती. कौसा मागच्या खोलीत स्वतः तापानं पडली होती. मी गोदीजवळ किस्नाला बसवलं होतं आणि बजावलं होतं. सकाळी गोदी गेलेली, उशाला तांब्या. मी विचारलं, कुणी दिलं? तो म्हणाला, म्या. आणि मी जे म्हणालो ते त्या दुसऱ्या ओवीत आलंच आहे. एकदा म्हणालो नाही. बारावा होईपर्यंत म्हणत होतो.

पाटलाच्या गड्यासकट सगळ्या गावानं ते ऐकलं. साहेबाला शब्द कळले नाहीत, त्यानं कारकुनाला विचारलं. कारकून मान खाली घालून काहीतरी पुटपुटला. साहेब मग माझ्याकडं बघायला लागला. सगळेच माझ्याकडं बघायला लागले.

माणूस अशा वेळी पोराला जवळ घेतो म्हणतात. मला नुसता राग आला. पोराचा नाही. मास्तरचा. आमच्या घरातलं, आमच्या घरात पुरलेलं, ह्या सुतळीवाल्यानं उकरून चावडीवर मांडलं असं वाटलं. त्यानं मांडलं नव्हतं. त्यानं तर कान बंद करून घेतले होते. मांडलं मी, दंडाला धरून.

साहेबानं घसा साफ केला आणि विचारलं, "आटा कहां जाता है?"

कारकुनानं मला विचारलं, "पीठ कुठं जातं रे?"

मी म्हणालो, "मास्तरच्या घरी जातं."

बस. तीन शब्द. पाटील पुढचं बोलला, मला काही बोलावं लागलं नाही. मास्तरनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता म्हशीचं सांगेल. ते सांगितलं असतं तर तो गावात राहिला असता आणि माझी नोकरी गेली असती. तो नाही बोलला. खाली बसून जात्याभोवतीचं पीठ हातानं गोळा करत राहिला, किस्नाच्या शेजारी. दोघं मिळून करत होते. मूर्ख माणूस! बोलायला तोंड होतं, उर्दू येत होती, साहेब समोर होता.

आठ दिवसांत बदलीचा हुकूम आला, उमापूरच्याही पलीकडं कुठंतरी. मी त्याची ट्रंक गाडीत ठेवायला गेलो, चपराशाचं कामच ते. माझी तयारी होती. तो काय बोलेल आणि मी काय उत्तर देईन, सगळं ठरवून गेलतो. गाडी जुंपली तरी बोलेना. मग म्हणाला, "जमादार, पोरगं बोललं." आणि हसला. हातात बदलीचा हुकूम आणि हा हसतोय. "पर लई मानसांपुढं बोलाया लागलं त्याला," म्हणाला, "तेवढं वंगाळ झालं."

पिठाचं अक्षर नाही काढलं. मी जी उत्तरं ठरवून ठेवली होती ती तशीच राहिली. एखाद्याला माफ करायची ही फार हलकट रीत आहे, समोरच्याला एक शब्दसुद्धा बोलू न द्यायचा.

पुढचा मास्तर फोक घेऊन आला. खडे बंद, दळण बंद. पाटील खूश. पोरं शिकली असतील, नसतील. किस्ना मात्र त्या दिवसापासून बोलायला लागला तो आजपर्यंत. बीडला शिंपीकाम करतो, गिऱ्हाइकाशी दिवसभर बडबड. माझ्याशी कामापुरतं. तब्येत कशी, औषध घेतलं का. त्याला दोष नाही.

कौसाला मी घरी काही सांगितलं नव्हतं. पण गाव कशाला आहे? विहिरीवर तिला दोन्ही गोष्टी कळल्या, पोराची ओवी आणि माझे तीन शब्द. ती भांडली नाही. शाळेत गेली, आईचं जातं उचलून स्वतःच्या डोक्यावर घरी आणलं, आपल्या मोठ्या जात्याशेजारी मांडलं. त्या दिवसापासून म्हशीला विकतची पेंड.

पहाटे दळायची. गोदीवर ओवी, किस्नावर ओवी, माहेरच्या भावावर, मेलेल्या म्हशीवरसुद्धा. मास्तरला तिनं भाऊ केला होता. त्याच्यावर चारदोन होत्या, सुतळीच्या, टोपीच्या. बायका नवऱ्यावर ओव्या करतात, सगळ्याच करतात. कुणी गोड करते, कुणी सासूच्या नावानं टोमणा हाणते. माझ्यावर एक नाही. मी अंथरुणात पडून ऐकायचो. आज येईल, उद्या येईल. आधी रागानं ऐकायचो, मग सवयीनं. चाळीस वर्षं ऐकलं. आमच्यात तसं काही वाईट नव्हतं. भाकरी गरम दिली, दुखण्यात पाय चेपले, जत्रेला बरोबर गेलो. पण तेवढ्या एका वेळेला, जेव्हा ती खरं बोलायची, तेव्हा मी त्या घरात नव्हतो.

गावात गिरणी आली आणि दळण सुटलं. मग एकदा, दोघंच ओट्यावर बसलो होतो, ती शेंगा निवडत होती, मी धीर केला. म्हणालो, "कौसा, एवढ्या सगळ्यांवर ओव्या केल्यास. माझ्यावर एक बी केली न्हाईस."

तिनं वर बघितलं नाही. "केली व्हती की."

"मंग म्हनली कावून न्हाईस कधी?"

"तुमी जागे ऱ्हायचे," ती म्हणाली. "रोज ऐकायचे."

मी म्हणालो, आता म्हण. हसली. म्हणाली, आता दात न्हाईत, आन् जातं बी न्हाई फिरत, कशात लपवू? आणि शेंगांचं सूप उचलून आत गेली.

त्यानंतर सहा वर्षं होती ती. मी पुन्हा विचारलं नाही. आज विचारू, उद्या विचारू करत ह्या आषाढात ती गेली. शेवटच्या दोन दिवसांत पाणी मागायची, मी चमच्यानं पाजत होतो, तेव्हासुद्धा विचारता आलं असतं.

काय होतं त्या ओवीत, कुणास ठाऊक. चांगलं असेल अशी माझी अपेक्षा नाही. शिवी असती तरी चाललं असतं.